आंबेनळीचा चढ आणि हमीपत्राचे कलम

महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावलेली सावित्री ज्या डोंगरउतारावरून पोलादपूर आणि महाडकडे धावत येते, त्याच उतारावर आंबेनळीच्या घाटाने उलट दिशेस निघालेल्या मोटारीला चाळीसेक किलोमीटरांत सुमारे १,३०० मीटर उंची चढावी लागते; आणि ही चढण तिच्या अंगी कोठे मुरते हे पाहावयाचे असेल तर बॉनेट उघडून भागत नाही, गाडीखाली आडवे व्हावे लागते. इंजिनाच्या तेलाची चौकशी आपण आप्ताच्या प्रकृतीइतक्या आस्थेने करतो, पण गिअरपेटीतील तेलाचे स्मरण बहुतेकांस गिअर अडू लागल्यावरच होते.

थोडे गणित करू. बाराशे किलोची गाडी १,३०० मीटर वर नेण्यास गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जे कार्य करावे लागते ते सुमारे सव्वाचार युनिट विजेइतके भरते. त्याचा विसावा हिस्सा दातेरी चक्रांच्या घर्षणात व तेलाच्या घुसळणीत खर्ची पडला असे धरले, तरी तेवढ्या उष्णतेने दोन लिटर पाण्याला आधण येईल; आणि हाताने गिअर टाकावयाच्या लहान गाडीत तेल असते तेही साधारण दोनच लिटर. पेटीचे धातूचे कवच आणि अंगावरून जाणारा वारा ही उष्णता वाहून नेतात म्हणून निभावते. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत तर तेल केवळ वंगण नसते, इंजिनाची शक्ती पुढे पोहोचविणारा तो वाहकच असतो. तेथे तापही अधिक, म्हणून तेल थंड करण्याची निराळी व्यवस्था ठेवावी लागते. तापमान दहा अंशांनी वाढले की तेलाच्या ऑक्सिडीकरणाचा वेग अदमासे दुप्पट होतो, हा रसायनशास्त्राचा ढोबळ नियम घाटातल्या गाडीस विशेष लागू पडतो.

गेल्या पावसाळ्यानंतर पोलादपुरातील एका मिस्त्रीने माझ्या गाडीच्या गिअरपेटीचा ड्रेन बोल्ट काढला. बोल्टाच्या टोकाला चुंबक होते आणि चुंबकाला काजळासारखा मऊ, करडा लगदा चिकटलेला होता. त्याने तो अंगठा व तर्जनीमध्ये चोळला, हुंगला आणि म्हणाला, "साहेब, ही नुसती झीज आहे. चकचकीत कपची निघाली असती तर पेटी खोलावी लागली असती." प्रयोगशाळेतील पृथक्करणाची सर त्यास येणार नाही, परंतु पहिली परीक्षा म्हणून ती मला पटली.

त्यानेच २२ जुलै २०२१ च्या महापुराची आठवण काढली. महाडात सावित्री व गांधारी या नद्यांचे पाणी शिरले, त्यानंतर दुरुस्तीस आलेल्या काही गाड्यांतून गिअर ऑइलऐवजी दुधाळ चहा बाहेर पडत होता. कारण सोपे आहे: तापल्यावर फुगणाऱ्या हवेला वाट मिळावी म्हणून गिअरपेटीला ब्रीदर नावाचे लहानसे छिद्र असते, गरम पेटी पाण्यात बुडून एकाएकी थंड झाली की आतली हवा आकुंचन पावते आणि त्याच छिद्रातून पाणी आत ओढले जाते. अशा गाडीची कैफियत विमा कंपनीपुढे मांडावी लागते. हमीपत्र हे कारखान्यातील दोषापुरते असते, पुरापुरते नव्हे.

हमीचा खरा तंटा निराळाच आहे. हमीच्या मुदतीत बाहेरच्या मिस्त्रीकडे तेल बदलाल तर हमी रद्द, असे मला एका सेवा केंद्रात ठणकावून सांगण्यात आले होते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात सरसकट अशी अट घालण्यास मनाई केली. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच हमी नाकारता येईल, असा त्याचा आशय होता. कंपन्यांनी त्यावर अपिले केली, तो इतिहास लांब आहे. अमेरिकेत हेच तत्त्व १९७५ च्या कायद्याने रुजले.

परंतु "सदोष काम" या दोन शब्दांत ग्राहकाचीही जबाबदारी येते. जीएल-४ दर्जाचे गिअर तेल सांगितलेल्या पेटीत, डब्यावरचा आकडा मोठा म्हणून, जीएल-५ ओतले तर त्यातील काही तेलांमधील गंधक-स्फुरदयुक्त द्रव्ये सिंक्रोनायझरच्या पितळी कड्यांना खाऊ शकतात. मग दोष कारखान्याचा कसा म्हणावयाचा? तेलातील अशा द्रव्यांचे महत्त्व किती, तर १९७० च्या दशकात बंदी येईपर्यंत अमेरिकेत ऑटोमॅटिक गिअरच्या तेलात घर्षण आटोक्यात ठेवण्यासाठी स्पर्म देवमाशाचे तेल घालीत असत, आणि त्याला पर्याय शोधताना रसायनतज्ज्ञांच्या नाकी नऊ आले. "आजन्म तेल" या जाहिरातीच्या शब्दावरही माझा फारसा विश्वास नाही. कोणाचा जन्म, तेलाचा की हमीचा, हे कोणी सांगत नाही. मालकाच्या पुस्तिकेत पुष्कळदा दोन वेळापत्रके असतात, आणि डोंगराळ रस्ता, धूळ, ओझे यांसाठीचे दुसरे, कमी अंतराचे, तेच आमच्या तालुक्यांना लागू आहे.

मिस्त्रीला मी पावती मागितली. त्याने वहीचे पान फाडले, तारीख घातली, किलोमीटरांचा आकडा घातला, डब्यावरची अक्षरे चष्मा वर करून एकेक उतरवून घेतली, आणि सही करता करता विचारले, "साहेब, दोन लिटर तेलासाठी कोर्टात जाणार का?"