जवळून पाहताना (भाग 9) : थेंब थांबवतो तो फ्लॅश

सेवाग्राम आश्रमात कनू गांधींना फोटो काढायची परवानगी मिळाली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही, बापूंना पोझ द्यायला सांगायचं नाही आणि आश्रमाकडून पैसे मिळणार नाहीत. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या 100 रुपयांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला आणि कनूभाईंनी आहे त्या उजेडात गांधीजींचं रोजचं जगणं टिपलं. लिहीत बसलेल्या माणसाला खिडकीतला उजेड पुरतो. पडत्या थेंबाला तो का पुरत नाही, हे कळलं की आजचं निम्मं काम झालं.

हिशेब करू. पाण्याचा थेंब साधारण चार-पाच मिलिमीटरचा. 45 सेंटिमीटरवरून सोडला तर परातीतल्या पाण्याला टेकताना त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ 3 मीटर असतो. शटर 1/200 सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात तो 15 मिलिमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या तिप्पट. फोटोत नुसती रेघ उमटते.

म्हणून इथे शटरवर भिस्त ठेवायचीच नाही. खोली अंधारी करा, शटर सेकंदभर उघडं ठेवा आणि त्या वेळात फ्लॅश एकदाच उडू द्या. सेन्सरला दिसतो तो फक्त फ्लॅशचा क्षण. नवशिक्यांची गफलत होते ती पुढे : थेंब गोठवायचा म्हणून ते फ्लॅशची ताकद वाढवतात. कॅमेऱ्यावर बसणाऱ्या नेहमीच्या फ्लॅशमध्ये ताकद कमी करणं म्हणजे दिवा लवकर विझवणं. पूर्ण ताकदीवर तो साधारण 1/1000 सेकंद जळतो, 1/64 ताकदीवर मात्र 1/20,000 सेकंदाच्या आसपास. तेवढ्यात थेंब सरकतो फक्त 0.15 मिलिमीटर. उजेड कमी पडला तर ताकद वाढवू नका. फ्लॅश जवळ आणा किंवा दुसरा जोडा.

ही युक्ती जुनी आहे. आर्थर वर्दिंग्टन यांनी अंधाऱ्या खोलीत विजेच्या ठिणगीवर असेच शिंतोडे टिपले. त्यांचं पुस्तक 1908 सालचं. हॅरॉल्ड एजरटन यांचा दुधाच्या थेंबाचा प्रसिद्ध मुकुट 1957 चा.

आता मांडणी. मेडिकलमधून सलाईनचा सेट आणा, सुई काढून टाका, बाटली उंच टांगा. चाकी फिरवून थेंबाची लय हवी तशी लावता येते, आणि खरी गंमत या लयीत आहे. थेंब सुटलेला पाहून बटण दाबायला गेलात तर कधी साधेल, कधी नाही. कारण 45 सेंटिमीटर पडायला त्याला जेमतेम 0.3 सेकंद लागतं आणि आपला हात हलायलाच 0.2 सेकंद जातं. लय कानात बसली की हात आपोआप आधी निघतो. सुरुवातीला मुकुटाच्या मागे लागू नका, तो काही मिलिसेकंदांत मोडतो. त्यानंतर खड्ड्यातून वर उसळणारा पाण्याचा खांब जास्त वेळ टिकतो. तो आधी साधा.

पंखा बंद हवा, नाहीतर पाण्यावर लहरी उठतात. वर्ध्याच्या मे महिन्यात हे सोसवत नाही, तेव्हा पाऊस सुरू झाल्यावर रात्री बसा. थेंब पडतो तिथे पेन्सिल आडवी धरून तिच्यावर हाताने फोकस लावा आणि ऑटोफोकस बंद करा. छिद्र एफ/11 ते एफ/16 ठेवा. त्यातही स्पष्ट दिसणारा पट्टा काही मिलिमीटरचाच असतो. फ्लॅश थेंबावर रोखला तर पारदर्शक पाण्यात नुसता पांढरा डाग मिळतो. परातीमागे पांढरा कागद लावून उजेड त्यावर पाडा, मग थेंबाच्या कडा गडद उठून दिसतात. कागद रंगीत घेतला तर तो रंग थेंबात उलटा उतरतो, कारण थेंब स्वतःच भिंग असतो.

खांबाच्या डोक्यावर दुसरा थेंब आदळून छत्री उघडते, तो प्रकार हाताच्या अंदाजाने क्वचितच साधतो. त्याला विजेवर उघडणारी झडप लागते. ती घरी कशी जोडायची आणि पाणी दाट करायला गवारीचा डिंक किती घालायचा, ते पुढच्या आठवड्यात.