सामुराई चिलखत

जपानमधील सामुराई या योद्धावर्गाने सु. दहाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरलेले अंगत्राण. लोखंड, कातडे, रेशीम आणि उरुशी वृक्षाच्या चिकापासून केलेले लॅकर हे रोगण या सामग्रीतून ते घडविले जाई. लोहार, चर्मकार, रोगणकार, गोफ विणणारे व सोनार अशा अनेक कारागिरांचे श्रम एकाच चिलखतात एकवटलेले असतात. शस्त्रविद्येइतकेच कलेतिहासाच्या दृष्टीनेही त्यास महत्त्व आहे. आज जगातील अनेक संग्रहालयांत व खाजगी संग्रहांत अशी चिलखते आढळतात. तथापि त्यांतील मूळ भाग कोणता व मागाहून घातलेला कोणता, हे ठरविणे हा त्यांच्या अभ्यासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

रचना : जपानी चिलखताचा मूळ घटक म्हणजे ‘कोझाने’ हा लोखंडाचा वा कच्च्या कातड्याचा लहान, सच्छिद्र खवला. असे खवले एकमेकांवर अर्धवट चढवून आडव्या ओळीत बांधीत व त्या ओळीवर लॅकरचे थर देत. दमट हवेत लोखंड गंजू नये आणि कातडे ओलाव्याने मऊ पडू नये, हा या थरांचा हेतू होता. अशा ओळी रेशमी गोफांनी किंवा चामड्याच्या वाद्यांनी एकीखाली एक लोंबत्या जोडीत. या ओवणीस ‘ओदोशी’ म्हणतात. तिच्यामुळे चिलखत लवचिक होई व काढल्यावर ओळी एकमेकींत सरकवून पेटीत ठेवता येई. एका पूर्ण चिलखतास दोन हजारांहून अधिक खवले लागत. भारतात पोलादी कड्यांची जाळी आणि पत्रे यांच्या मिलाफातून चिलखते होत. जपानमध्ये मात्र ओवणीवर भर राहिला. ओवणीच्या रंगावरून व नक्षीवरूनच चिलखतास नाव देण्याची प्रथा पडली.

पूर्ण संचात धडाचे कवच (दो), शिरस्त्राण (काबुतो), त्याला जोडलेले मानेचे आच्छादन (शिकोरो), खांद्यांवरील ढाली (सोदे), बाह्या (कोते), मांड्या व नडग्या यांची आवरणे आणि उत्तरकाळात मुखवटा यांचा समावेश होतो.

विकास : पाचव्या शतकातील थडग्यांत लोखंडी पत्र्यांची व खवल्यांची चिलखते सापडली आहेत. हेआन काळात (७९४–११८५) घोड्यावरून बाण मारणाऱ्या वीरासाठी ‘ओ-योरोई’ हे भारदस्त चिलखत सिद्ध झाले. धनुष्याची दोरी खवल्यांत अडकू नये म्हणून त्याच्या छातीवर गुळगुळीत चामडे मढवीत. उजव्या कुशीसाठी वेगळा पत्रा असे आणि हाताने ढाल धरता येत नसल्याने खांद्यांवर मोठ्या ढाली लोंबत. पायदळासाठी अंगाभोवती गुंडाळून उजवीकडे बांधावयाचे ‘दो-मारू’ व पाठीमागे बांधावयाचे ‘हारामाकी’ हे हलके प्रकार प्रचारात आले. पायी लढण्याचे महत्त्व वाढताच वरिष्ठ योद्ध्यांनीही ते स्वीकारले.

इ. स. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर बंदूक आली. मोठ्या सैन्यांच्या यादवी युद्धांचा तो काळ होता. या काळात ‘तोसेई-गुसोकू’, म्हणजे आधुनिक संच, रूढ झाला. त्यात खवल्यांऐवजी मोठे पत्रे वापरीत व ओवणी विरळ ठेवीत. काही कवचांवर गोळी झाडून त्यांची परीक्षा घेत आणि तिची खूण हमी म्हणून तशीच राखीत. यूरोपीय उरस्त्राणांना जपानी जोड देऊन केलेली कवचेही आढळतात. रणांगणात सेनानी दुरून ओळखू यावा म्हणून लोखंडी टोपावर कागदाचा लगदा व लॅकर यांनी शंख, मासा, सशाचे कान इ. आकार उभारीत.

तोकुगावा राजवटीच्या (१६०३–१८६८) दीर्घ शांततेत चिलखत हे मुख्यतः दर्जाचे प्रतीक बनले आणि जुन्या धाटणीची शोभिवंत चिलखते पुन्हा होऊ लागली. साकाकिबारा कोझान या अभ्यासकाचा चिलखतांच्या घडणीवरील ग्रंथ १८०० मध्ये प्रसिद्ध झाला. दाट ओवणी पाण्याने जड होते, थंडीत गोठते व तिच्यात उवा-मुंग्या शिरतात, असे दोष दाखवून त्याने या पुनरुज्जीवनावर टीका केली. मात्सुदाइरा सादानोबू याने सिद्ध करविलेल्या ‘शूको जिश्शू’ या पुरावस्तूंच्या सचित्र संकलनातही चिलखतांचा अंतर्भाव आहे.

संग्रह : सर्वांत जुनी चिलखते मुख्यतः शिंतो मंदिरांमुळे टिकली, कारण विजयी योद्धे ती देवतेस अर्पण करीत. एहिमे विभागातील ओमिशिमा बेटावरील ओयामाझुमी मंदिराचा संग्रह या दृष्टीने अग्रगण्य आहे. नारा येथील कासुगा मंदिर व टोकिओजवळील मिताके मंदिर येथेही राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झालेली चिलखते आहेत.

परदेशी गेलेल्या आरंभीच्या चिलखतांत शोगुन हिदेतादा याने १६१३ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यास जॉन सॅरिसमार्फत पाठविलेल्या दोन संचांचा उल्लेख करावा लागतो. नारा येथील इवाई योझाएमोन याने ती सिद्ध केली होती. त्यांपैकी एक संच सतराव्या शतकातच लंडनच्या टॉवरमध्ये ‘मोगल बादशहाचे चिलखत’ म्हणून दाखविला जात असे. वस्तूची परंपरा तुटली की तिची ओळख किती लवकर हरपते, याचे हे बोलके उदाहरण होय.

मेजी क्रांतीनंतर १८७१ मध्ये सरंजामी जहागिरी रद्द झाल्या व १८७६ मध्ये तलवार बाळगण्यास बंदी आली. उत्पन्न गमावलेल्या घराण्यांनी पिढीजात चिलखते अल्प किंमतीस विकली आणि ती मोठ्या प्रमाणावर यूरोप-अमेरिकेत गेली. फ्लॉरेन्स येथील फ्रेडरिक स्टिबर्ट (१८३८–१९०६) याचा संग्रह या काळातील आहे. मत्स्यशास्त्रज्ञ बॅशफर्ड डीन (१८६७–१९२८) याने न्यूयॉर्कच्या मेट्रपॉलिटन संग्रहालयात शस्त्रविभाग उभारला. चौदाव्या शतकारंभीचे व आशिकागा ताकाउजीशी संबंधित मानले जाणारे एक ओ-योरोई त्याने १९१४ मध्ये त्यास दिले. जपानमध्ये यामागामी हाचिरो याच्या १९२८ मधील ग्रंथाने या विषयास शास्त्रीय बैठक लाभली. १९५० च्या सांस्कृतिक संपत्ती संरक्षण कायद्याने महत्त्वाच्या घोषित वस्तूंच्या निर्यातीवर निर्बंध आहेत.

अभ्यासपद्धती : संपूर्ण चिलखताला एकच काळ देणे बहुधा चुकीचे ठरते. गोफ काही पिढ्यांत झिजतात. शिरस्त्राणाचा लोखंडी टोप मात्र शतकानुशतके टिकतो. त्यामुळे पंधराव्या शतकातील टोप, सतराव्या शतकातील कवच आणि एकोणिसाव्या शतकातील ओवणी एकाच संचात एकत्र येऊ शकतात. वापरणाऱ्या घराण्यानेच अशी जुळणी केली असल्यास ती लबाडी नसून त्या वस्तूचा इतिहासच होय. व्यापाऱ्याने विक्रीसाठी निरनिराळे भाग जुळविले असल्यास मात्र ती फसवणूक ठरते. हा भेद ओळखण्यासाठी प्रत्येक भागाचे लॅकर, छिद्रांची मांडणी, चामड्यावरील छाप, कुलचिन्हे व झीज यांची तुलना करतात. क्ष-किरण चित्रांवरून लॅकरखाली लोखंडी व कातडी खवले कोणत्या क्रमाने बसविले आहेत, हे वस्तूस धक्का न लावता कळते.

टोपाच्या आतील स्वाक्षरी हा महत्त्वाचा, पण एकट्याने अपुरा पुरावा आहे. म्योचिन घराण्यातील मुनेसुके याने सतराव्या-अठराव्या शतकांच्या संधिकाळात स्वतःच्या घराण्याची प्राचीन वंशावळ प्रसृत केली व बिनस्वाक्षरीच्या जुन्या टोपांना कल्पित पूर्वजांची नावे देणारी प्रमाणपत्रे दिली. आधुनिक अभ्यासक ती ग्राह्य मानीत नाहीत. मुलांच्या सणासाठी व रंगभूमीसाठी केलेली हलकी चिलखते, तसेच मेजी काळात परदेशी ग्राहकांसाठी जुळविलेले संच युद्धोपयोगी चिलखतांपासून वेगळे ओळखावे लागतात.

जतन : प्रकाशाने रेशीम ठिसूळ होते व रंग उडतात, कोरड्या हवेत लॅकरला तडे जातात, तर अति दमट हवेत लोखंड गंजते. लोहयुक्त काळ्या रंगातील रेशीम इतरांपेक्षा लवकर कुजते. म्हणून मंद प्रकाश व स्थिर आर्द्रता आवश्यक असते. मिताके मंदिरातील बाराव्या शतकातील तांबड्या ओवणीच्या चिलखताची १९०३ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हा वापरलेले रासायनिक रंगाचे गोफ फिके पडले. मंजिष्ठ जातीच्या वनस्पतीने रंगविलेले मूळ गोफ मात्र आजही गडद तांबडे आहेत. जुनी ओवणी काढून टाकणे म्हणजे विणीचा, रंगाचा आणि मालकी-परंपरेचा पुरावा नष्ट करणे होय. त्यामुळे नवे रूप देण्यापेक्षा आहे ते स्थिर करणे, केलेली दुरुस्ती वेगळी ओळखता येईल अशी ठेवणे व तिची नोंद करणे, हे धोरण आता संग्रहालये व जाणकार संग्राहक अवलंबितात.