दहा फुटांवरचा कळफलक

संगणक हे मुळात मेजावरचे यंत्र आहे. मेज, खुर्ची, डोळ्यांपासून हातभर अंतरावरील पडदा आणि पडद्याच्या पायथ्याशी कळफलक ही त्याची मांडणी गेल्या चार दशकांत इतकी रूढ झाली आहे की, तेच यंत्र उचलून दिवाणखान्यात दूरचित्रवाणी संचाच्या पाठीमागे ठेवले आणि एचडीएमआयच्या तारेने त्याचे चित्र मोठ्या पडद्यावर घेतले, म्हणजे त्याचे सर्व अवयव शाबूत असूनही त्याच्या वापराची सारी वहिवाट मोडून पडते. पाहणारा आता दहा फुटांवर कोचावर रेलून बसलेला असतो. मांडीखेरीज त्याच्याजवळ मेज नसते. तारेचा कळफलक तिथवर ओढला तर तार येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत येते, आणि कचेरीतला पूर्ण लांबीचा बिनतारी कळफलक आणला तरी माउस फिरवायला सपाट जागा कोठून आणावी हा प्रश्न उरतोच. या अडचणीतून जन्मलेले एक साधन म्हणजे मांडीवर किंवा तळहातांत मावणारा, टचपॅड पोटात घेऊन आलेला छोटा बिनतारी कळफलक. आकाराने लहान, किमतीने माफक आणि कौतुकाच्या दृष्टीने पूर्णपणे उपेक्षित अशा या साधनाचा परिचय करून देण्याचे येथे योजिले आहे.

दिवाणखान्यातील पडद्याला बसल्या जागेवरून हुकूम सोडण्याची हौस घरगुती संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० साली ‘लेझी बोन्स’ या नावाचे तारेचे दूरनियंत्रक बाजारात आणले; १९५५ साली तिच्याच यूजीन पॉली या अभियंत्याने ‘फ्लॅशमॅटिक’ काढले, ज्यात विजेरीसारख्या झोताने पडद्याच्या चार कोपऱ्यांतील प्रकाशसंवेदी घटांपैकी एकावर नेम धरावयाचा असे. यात अडचण अशी की, खिडकीतून येणारा सूर्यप्रकाशही तोच नेम धरी आणि कोणी न सांगता संच वाहिनी बदलू लागे. १९५६ साली रॉबर्ट ॲडलर यांच्या ‘स्पेस कमांड’ने या अनाहूत हुकमांचा बंदोबस्त केला. त्यात ॲल्युमिनियमच्या दांड्यांवर लहानशी हातोडी आपटे, त्यातून मानवी कानाला ऐकू न येणारा ध्वनी उमटे आणि संच तो ओळखी. नियंत्रकात विजेचा घटच नव्हता. आपल्याकडे मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, एकाच वाहिनीच्या त्या अंमलात, लाकडी शटरच्या कपाटातील संच उठून लावावा आणि उठूनच बंद करावा यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता. निवडायला दुसरे काही नसले म्हणजे निवडीच्या साधनाचीही गरज भासत नाही.

संगणकाच्या बाजूने या दिशेला पहिले मोठे पाऊल टाकले ते आयबीएमने, आणि ते साफ घसरले. १ नोव्हेंबर १९८३ रोजी जाहीर झालेल्या ‘पीसी ज्युनियर’ या घरगुती संगणकाचा कळफलक बिनतारी होता. चार लहान घटांवर चालून तो अवरक्त किरणांनी यंत्राशी बोलत असे. कल्पना काळाच्या पुढची होती, परंतु त्याच्या सुट्यासुट्या चपट्या कळा इतक्या अप्रिय ठरल्या की पुढल्याच वर्षी कंपनीला आधीच्या ग्राहकांना टंकलेखन यंत्रासारख्या कळांचा नवा फलक विनामूल्य द्यावा लागला. त्याशिवाय एकाच खोलीत असे दोन संगणक असले तर एकाचा कळफलक दुसऱ्यावर अंमल गाजवू शके. १९८५ साली ते उत्पादन बंद झाले. पुढे १९९६ साली ‘वेबटीव्ही’ या छोट्या पेटीने दूरचित्रवाणीवर इंटरनेट आणले, तेव्हा तिच्यासाठीही अवरक्त किरणांचा बिनतारी कळफलक मिळत असे. म्हणजे दिवाणखान्यातील पडद्यापुढे बसून माणसाला केवळ पाहावयाचे नसून लिहावयाचेही आहे, ही गोष्ट कारखानदारांना त्या काळीच उमगली होती.

या घराण्यातील आजचा सर्वपरिचित वंशज म्हणजे लॉजिटेक या, १९८१ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या कंपनीचा ‘के ४००’. तो २०११ साली आला आणि २०१५ साली त्याची ‘के ४०० प्लस’ ही सुधारित आवृत्ती निघाली. सुमारे पस्तीस सेंटिमीटर लांब आणि चौदा सेंटिमीटर रुंद अशा या फलकावर अंकांचा वेगळा चौकोन नाही. त्या उजव्या भागात साडेतीन इंची टचपॅड बसविलेले आहे, त्याच्या वर आवाजाच्या कळा आहेत आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात एक वेगळ्या रंगाची कळ आहे. ही कोपऱ्यातली कळ या फलकातील सर्वांत समंजस वस्तू होय. फलक दोन्ही हातांत धरून कोचावर पाय पसरलेल्या माणसाने उजव्या अंगठ्याने बाण हलवावा आणि डाव्या अंगठ्याने ती कळ दाबून ‘मंजूर’ म्हणावे, अशी ती योजना आहे. मेजावर बसणाऱ्या कोणालाही ती सुचली नसती, कारण मेजावर तिची गरजच नाही. दोन लहान घटांवर फलक अठरा महिने चालतो असा कंपनीचा दावा आहे, आणि न वापरताना तो खरोखर बंद करण्यासाठी कडेला खटकाही आहे. यापेक्षाही लहान हवा असल्यास ‘री’ वगैरे नावांचे तळहाताएवढे फलक बाजारात मिळतात. ते दोन्ही अंगठ्यांनी चालवावयाचे असतात, त्यामुळे त्यांच्यावर एखादे नाव लिहिता येते, पत्र लिहिणे मात्र शिक्षा वाटते.

आता मूळ प्रश्न असा की, रिमोट असताना या फलकाची आवश्यकताच काय? खाणावळीत ताटात जे वाढले जाईल त्यातून आवडेल ते उचलण्याची मुभा आणि स्वयंपाकघरात जाऊन हवा तो पदार्थ नाव घेऊन मागण्याचा अधिकार यांत जे अंतर आहे, तेच रिमोट आणि कळफलक यांत आहे. पडद्यावर मांडलेल्या चित्रांच्या ओळी कोणी तरी आपल्यासाठी निवडलेल्या असतात. त्यांतून डावे-उजवे करणे रिमोटला उत्तम साधते. परंतु प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ पाहण्याची इच्छा झाली, तर तो त्या ओळींत आपणहून हजर होईल याची शाश्वती नाही. त्याचे नाव लिहावे लागते. रिमोटने ते कसे लिहावयाचे, याचा हिशेबच मांडून पाहण्यासारखा आहे. सहा-सहा रोमन अक्षरांच्या ओळींची जाळी पडद्यावर आहे आणि खूण पहिल्या अक्षरावर आहे असे धरले, तर या नावाच्या अकरा अक्षरांपर्यंत पोहोचण्यासाठी बाणांची कळ छत्तीस वेळा दाबावी लागते, आणि प्रत्येक अक्षर मंजूर करण्यासाठी आणखी अकरा वेळा. मधली मोकळी जागा वगळूनही एकूण सत्तेचाळीस. कळफलकावर हेच काम अकरा कळांत होते. बोलून शोध घेण्याची सोय आता आहे हे खरे, पण शेजारच्या खोलीत कोणी निजलेले असताना रात्री साडेअकराला यंत्राशी मोठ्याने बोलणे कोणत्याही घरात फार काळ खपवून घेतले जात नाही.

शोध झाल्यावरही कळफलकाचे काम संपत नाही. ‘कोडी’ या नावाने ओळखला जाणारा चित्रपट-संगीताचा प्रोग्राम २००२ साली एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी जन्मला, २०१४ साली त्याने सध्याचे नाव धारण केले. त्यात लांब पट्टीची कळ दाबली की चित्र थांबते, ‘एक्स’ने ते बंद होते, ‘आय’ने त्याची माहिती समोर येते, ‘टी’ने उपशीर्षके चालू-बंद होतात आणि मागे जाण्यासाठी बॅकस्पेस आहे. या एकाक्षरी हुकमांची सवय झाली म्हणजे माणूस टचपॅडला हात लावीनासा होतो, आणि ते योग्यच आहे. दहा फुटांवरून बाणाचे बारीक टोक चौकोनी खुणेवर नेऊन टेकविणे हा दृष्टीवर आणि स्वभावावर विनाकारण ताण आहे. अक्षरे दुरून वाचता येत नसतील तर कंट्रोल आणि अधिकचिन्ह एकत्र दाबून ब्राउझरमधील पान मोठे करता येते. ही सोय रिमोटवर शोधूनही सापडावयाची नाही.

ही सारी आज्ञापत्रे हवेतून जातात कशी, हे पाहणे उद्बोधक आहे. फलकाच्या आत रबरी घुमट्यांखाली आडव्या-उभ्या वाहक रेषांचे जाळे असते. कळ दाबली की दोन रेषांचा संयोग होतो, लहानशी चिप तो छेदबिंदू ओळखते आणि त्याचा संकेत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओलहरींवर सोडून देते. संगणकाच्या यूएसबी छिद्रात खोवलेला नखाएवढा रिसीव्हर तो संकेत घेतो आणि आपण तारेचा साधा कळफलकच आहोत असे संगणकाला भासवितो. या बतावणीचा लाभ मोठा आहे: संगणकाची कार्यप्रणाली जागी होण्यापूर्वीच्या मांडणीच्या पानावरही असा फलक चालतो, तर ब्लूटूथचे बहुतेक फलक तेथे मुके राहतात, कारण त्यांची भाषा जाणणारा प्रोग्राम तोवर सुरूच झालेला नसतो. दिवाणखान्यातील संगणकासाठी म्हणूनच स्वतंत्र रिसीव्हरचा फलक मी अधिक विश्वासार्ह मानतो.

परंतु २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ही सार्वजनिक जमीन आहे. तेथे वायफाय, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह अशी सर्वांचीच वर्दळ असते, आणि सर्वांत उपद्रवी शेजारी तर संगणकाच्या अंगावरच राहतो. यूएसबी ३.० च्या जोडणीतून माहिती वाहत असताना याच पट्ट्यात गोंगाट उत्पन्न होतो. इंटेलने २०१२ साली याविषयी सविस्तर टिपणच प्रसिद्ध केले. बाहेरची हार्डडिस्क यूएसबी ३.० वर चालू आहे, तिला लागून कळफलकाचा रिसीव्हर खोवलेला आहे आणि सारा संगणक दूरचित्रवाणीच्या धातूच्या पाठीआड दडलेला आहे, अशी स्थिती पुष्कळ घरांत असते. मग अक्षरे गळतात, बाण अडखळतो आणि दोष मात्र बिचाऱ्या फलकाला किंवा त्याच्या घटांना दिला जातो. हातभर लांबीची यूएसबीची जोडतार आणून रिसीव्हर संचाच्या पुढील बाजूस, कोचाच्या नजरेत येईल असा ठेवला, की ही तक्रार बहुधा मिटते.

सुरक्षिततेचा मुद्दाही नजरेआड करून चालणार नाही. २०१६ साली बॅस्टिल या अमेरिकी संस्थेने दोन वेळा धोक्याची सूचना दिली. प्रथम तिने दाखविले की कित्येक कंपन्यांच्या रिसीव्हरमध्ये दूरवरून परक्या कळा घुसविता येतात; या कंपन्यांत लॉजिटेकही होती, आणि तिने त्यावर दुरुस्ती प्रसिद्ध केली. त्यानंतर काही महिन्यांत बॅस्टिलनेच उघड केले की अनेक स्वस्त फलक दाबलेली प्रत्येक कळ सांकेतिक लिपीत न गुंफता उघड्यावर प्रक्षेपित करतात. तेव्हा चित्रपटाचे नाव खुशाल लिहावे. बँकेचा पासवर्ड मात्र, फलकावर संकेतन असल्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर, कोचावरून टंकित करू नये.

मराठी घरापुरता एक विषय उरतो, आणि तो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेली इन्स्क्रिप्ट ही अक्षररचना विंडोज आणि लिनक्स या दोहोंत आयती दिलेली असते. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आणि महाप्राण वर्ण अल्पप्राणाच्याच कळेवर शिफ्टसह, अशी शास्त्रशुद्ध वाटणी आहे. तिने ‘संत तुकाराम’ लिहावयास दहाच कळा पुरतात, शिफ्टला एकदाही हात लावावा लागत नाही, आणि डावा-उजवा हात इतक्या सहजपणे आळीपाळीने चालतात की मांडीवरचा अरुंद फलकही अरुंद वाटत नाही. रोमन अक्षरांत लिहिताना मराठी नावांची जी ओढाताण होते, ‘ळ’ आणि ‘ण’ यांची जी गळचेपी होते, तीही येथे उरत नाही. ‘ळ’ हा ‘ल’च्याच कळेवर शिफ्टसह बसलेला आहे. असे असूनही दिवाणखान्यासाठी म्हणून आपल्या बाजारात मिळणाऱ्या या छोट्या फलकांवर बहुधा केवळ रोमन अक्षरेच छापलेली असतात, आणि घरातील वडील माणसे, ज्यांना जुने मराठी चित्रपट आणि नाट्यगीते शोधावयाची हौस सर्वांत अधिक, तीच फलक हाती घेऊन पुन्हा खाली ठेवतात. देवनागरी अक्षरांच्या पारदर्शक चिकटपट्ट्या मिळतात. तूर्त त्या लावून काम भागवावे. परंतु पुढचा फलक घ्यावयास जाल तेव्हा दुकानदारापाशी देवनागरी अक्षरे छापलेल्या फलकाची चौकशी अवश्य करा, आणि तो नसल्यास तुमची मागणी त्याला लिहून घ्यायला लावा.