आरोपी हाती लागतो, श्रेय कोणाचे?

खास प्रतिनिधी, अमरावती – मोस्ट वाँटेड आरोपीच्या अटकेची बातमी येते न येते तोच पुढाऱ्यांची अभिनंदनाची पत्रके निघू लागतात. अटक आमच्या राजवटीत झाली, असा दावा एक पक्ष करतो. पाया आम्हीच घातला होता, असे दुसरा सांगतो. तारखा तपासल्या की दोन्ही दावे अपुरे ठरतात.

अमरावतीचेच उदाहरण घेता येईल. २१ जून २०२२ च्या रात्री शहरात एका औषध विक्रेत्याची हत्या झाली. तेव्हा राज्यात महाविकास आघाडीचे सरकार होते. पहिले आरोपी जूनमध्येच गजाआड झाले. २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला, ३० जूनला एकनाथ शिंदे यांचा शपथविधी झाला आणि २ जुलैला कथित सूत्रधार नागपुरात पकडला गेला. त्याच दिवशी तपास एनआयएकडे सोपविण्यात आला. सरकार बदलले, तरी तोवर तपास करणारे शहर पोलिस तेच होते.

आरोपी परदेशात असेल तर हे गणित वर्षांचे होते. इंटरपोलची रेड कॉर्नर नोटीस सीबीआयमार्फत निघते; परंतु ती म्हणजे अटक वॉरंट नव्हे. पुढे परराष्ट्र मंत्रालयाची विनंती, तेथील न्यायालयापुढे पुरावे आणि मग अपिलांमागून अपिले. गृहमंत्री या काळात बदलतात. फाइल मात्र पुढे सरकत राहते.

मुंबई हल्ल्यातील आरोपी तहव्वूर राणाला १० एप्रिल २०२५ रोजी दिल्लीत आणण्यात आले. हे मोदी सरकारच्या मुत्सद्देगिरीचे यश असल्याचे गृहमंत्री अमित शहा यांनी म्हटले, तर ही प्रक्रिया यूपीए सरकारनेच सुरू केल्याचे पी. चिदंबरम यांनी सुनावले. एनआयएने गुन्हा नोंदविला तो नोव्हेंबर २००९ मध्ये, यूपीएच्या काळात, हे खरे. राणाला २०२० मध्ये लॉस एंजलिसमध्ये पुन्हा अटक झाली ती भारताच्या विनंतीवरून, मोदी सरकारच्या काळात, हेही खरे. मात्र ज्या प्रत्यार्पण कराराच्या आधारे तो सोपविला गेला, त्यावर सह्या झाल्या जून १९९७ मध्ये. तेव्हा पंतप्रधान होते इंद्रकुमार गुजराल. त्यांच्या नावाने फलक लावायला आज कोणी उरलेले नाही!

अकोलेकरांना हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. बाबा सिद्दिकी यांची ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत हत्या झाली. त्यातील काही आरोपी मूळचे अकोट परिसरातील. याच गुन्ह्यात हवा असलेला अनमोल बिश्नोई नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतून दिल्लीत आला. मात्र ते प्रत्यार्पण नव्हते, हद्दपारी होती. अशी कारवाई ते राष्ट्र स्वतःच्या स्थलांतर कायद्याखाली करते.

श्रेयाबरोबर येणारे ओझे मात्र सहसा कोणी सांगत नाही. अबू सालेम सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनमध्ये सापडला, तेव्हा केंद्रात वाजपेयी सरकार होते. त्याला फाशी वा २५ वर्षांहून अधिक कैद होणार नाही, अशी हमी तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी १७ डिसेंबर २००२ रोजी पोर्तुगालला दिली. सालेम मुंबईत आला नोव्हेंबर २००५ मध्ये. तेव्हा पंतप्रधान मनमोहन सिंग आणि गृहमंत्री शिवराज पाटील होते. टाडा न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये त्याला जन्मठेप ठोठावली, त्या वेळी केंद्रात मोदी सरकार होते. अडवाणींच्या त्या पत्राने सरकार बांधले गेले आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला आणि २५ वर्षांचा हा कालावधी १२ ऑक्टोबर २००५ पासून मोजला. म्हणजे हिशेब २०३० पर्यंत जातो. मुदत भरल्यावर सुटकेची शिफारस राष्ट्रपतींकडे त्या वेळच्या केंद्र सरकारलाच करावी लागेल, मग ते कोणत्याही पक्षाचे असो.