फुप्फुस-शस्त्रक्रियेपूर्वीची श्रमचाचणी : स्वरूप व उपयोग

प्राथमिक अवस्थेतील फुप्फुसाच्या कर्करोगावर बाधित भाग काढून टाकणे हा प्रमुख उपचार होय. तथापि उरलेले फुप्फुस शरीराचा भार पेलू शकेल काय, हे आधीच पडताळावे लागते. विश्रांत अवस्थेतील श्वसनचाचणी केवळ फुप्फुसाचे कार्य दर्शविते. श्रमचाचणीतून मात्र फुप्फुस, हृदय व स्नायू यांची एकत्रित राखीव शक्ती कळते. शस्त्रक्रियेनंतर प्राणवायूची गरज वाढते, तेव्हा हीच शक्ती कामी येते.

सायकलयंत्रावरील चाचणीत प्राणवायूचे कमाल ग्रहण दर किलो वजनामागे मिनिटाला 20 मिलिलीटरपेक्षा अधिक असल्यास धोका कमी, तर 10 पेक्षा कमी असल्यास फार मोठा समजतात. अमेरिकेतील छातीरोगतज्ज्ञांच्या 2013 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मध्यम श्वसनक्षमतेच्या रुग्णांसाठी जिन्याची चाचणीही ग्राह्य धरली आहे. 22 मीटरपेक्षा अधिक उंची चढणाऱ्यास धोका कमी असतो. जळगाव महानगरपालिकेच्या सतरा मजली इमारतीचे साधारण सात मजले म्हणजे ही उंची होय.

खानदेशात धुळे येथे व 2018 पासून जळगाव येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिथे महागडे यंत्र नाही, तिथेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली जिन्याची चाचणी शक्य आहे. मात्र गुडघेदुखीमुळे थांबलेल्या शेतकऱ्याचे फुप्फुस दुबळे ठरत नाही. त्याची सविस्तर तपासणीच व्हावयास हवी.

सारांश, ही चाचणी रुग्णास नाकारण्यासाठी नसून धूम्रपानत्याग, श्वसनव्यायाम व योग्य शस्त्रक्रियेची निवड यांसाठी आहे.