पहिलं उत्तर बदलायचं नाही, म्हणे!

प्रवेश परीक्षांचा हंगाम आला की क्लासच्या शेवटच्या तासाला, घरी हातावर दही-साखर ठेवताना आणि केंद्राच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या कुणातरी काकांकडूनही एकच सल्ला मिळतो: "पहिल्यांदा मनात आलेलं उत्तर अजिबात बदलायचं नाही. आतला आवाज खोटं बोलत नाही." सांगणाऱ्याचा आव असा, की कुणीतरी हे मोजून पाहिलंय.

मोजून पाहिलंयच. १९२०च्या दशकापासून पाहताहेत, आणि निकाल या सल्ल्याच्या बरोबर उलटा लागतो आहे.

१९८४ साली मानसशास्त्रज्ञ लुडी बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या ३३ अभ्यासांचा आढावा घेतला. बदललेल्या उत्तरांपैकी निम्म्याहून अधिक चुकीची होती ती बरोबर झाली होती, आणि उत्तरं बदलणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांचे गुण वाढले होते. गंमत म्हणजे त्यांनी प्राध्यापकांनाही विचारलं, तर निम्म्याहून अधिकांचं मत 'बदललं की गुण जातात' असंच निघालं. म्हणजे शिकवणाऱ्यांनीच तपासून पाहिलेलं नव्हतं.

तरीही शंका असेल तर २००५चा मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर यांचा अभ्यास घ्या. इलिनॉय विद्यापीठातल्या १,५६१ विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खोडरबराच्या खुणा तपासल्या गेल्या. ५१ टक्के बदल चुकीकडून बरोबरकडे गेलेले, २५ टक्के बरोबरकडून चुकीकडे आणि २३ टक्के एका चुकीवरून दुसऱ्या चुकीवर. नुकसान करणाऱ्या बदलांच्या दुप्पट बदल फायद्याचे. एवढं असूनही हा समज मरत का नाही, याचं कारणही क्रुगर यांनीच शोधलं: हळहळ. 'बरोबर लिहिलं होतं आणि हातानं खोडलं' हे दुःख वर्षानुवर्षं पुरतं. खोडून मिळालेला गुण मात्र निकालाच्या दिवशीच विसरला जातो. फसलेले बदल तेवढे लक्षात राहतात आणि त्यांचाच नियम बनतो.

याचा अर्थ दिसेल ते उत्तर बदलत सुटा, असा नाही. हे आकडे ज्यांना शंका आली आणि म्हणून ज्यांनी बदललं, त्यांचे आहेत. काही कारण नसताना नुसत्या घाबरटपणानं केलेल्या बदलाला ते लागू करू नका. आणि 'नीट'सारख्या ओएमआर परीक्षेत पेनानं काळं केलेलं वर्तुळ बदलताच येत नाही, तेव्हा तिथे फेरविचार वर्तुळ भरण्याआधीच करावा लागतो.

पण मग आतला आवाज म्हणजे निव्वळ थोतांड? नाही. मला चीड येते ती त्याला चमत्कार मानण्याची. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या एका अग्निशमन अधिकाऱ्याची हकीकत नोंदवली आहे. स्वयंपाकघरातल्या आगीवर पाणी मारूनही ती हटेना. अधिकाऱ्याला काहीतरी खटकलं, त्यानं माणसांना बाहेर काढलं, आणि थोड्याच वेळात ते उभे होते ती जमीन खचली. आग खाली तळघरात होती. अधिकारी स्वतः याला अतींद्रिय शक्ती म्हणत होता. क्लाइननं खोदून विचारल्यावर कळलं, की खोली अशा आगीच्या मानानं फार तापलेली होती आणि आवाज फार कमी होता. आजवर विझवलेल्या आगींशी हे चित्र जुळत नव्हतं. मानवी विचारप्रक्रियेचे अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी अंतःप्रेरणेची व्याख्या केली ती हीच: पूर्वी पाहिलेलं ओळखणं, त्यापलीकडे काही नाही. म्हणूनच बुद्धिबळातले उस्ताद खऱ्या डावातला पाच सेकंदांत पट लक्षात ठेवतात, पण सोंगट्या अस्ताव्यस्त मांडल्या की त्यांचं हे वर्चस्व जवळपास संपतं.

मग विश्वास कधी ठेवायचा? अंतःप्रेरणेचे चाहते क्लाइन आणि तिच्यावर कायम संशय घेणारे मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन यांनी काही वर्षं वाद घालून २००९ मध्ये एकत्र लेख लिहिला. दोघांचं एकमत झालं ते असं: त्या क्षेत्रात काही नियमितपणा हवा, आणि आपला अंदाज चुकला की बरोबर आला हे वारंवार, लवकर कळायला हवं. अग्निशामकाला ते कळतं. शेअर बाजारात 'मला आतून वाटतंय' म्हणणाऱ्याला ते तसं कळत नाही, त्याला फक्त आत्मविश्वास येतो. आणि आत्मविश्वास हा अचूकतेचा पुरावा नव्हे, हे दोघांनीही बजावून ठेवलंय.

बाकीचे समज भराभर निकालात काढू. 'मी माणूस बघताक्षणी ओळखतो': १९५०च्या दशकात इस्रायली सैन्यात मुलाखतकारांचे असेच कौल तपासले गेले, ते जवळजवळ निरुपयोगी ठरले. 'मोठे निर्णय विचार न करता, लक्ष दुसरीकडे वळवून घ्यावेत': २००६चा हा गाजलेला दावा २०१५ मध्ये मोठ्या गटावर तपासला तेव्हा टिकला नाही. 'शीघ्र आणि सावकाश विचार करणारे मेंदूचे दोन भाग असतात': काहनेमन यांनीच त्यांना समजावण्यासाठी योजलेली काल्पनिक पात्रं म्हटलंय. 'उजवा मेंदू अंतःप्रेरणेचा, डावा तर्काचा': यावर आणखी शाई घालवत नाही.

तेव्हा शिक्षकांना आणि पालकांना विनंती एवढीच, की परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मुलांना मंत्र देऊ नका, पद्धत सांगा. प्रश्न सोडवतानाच ज्यावर खात्री नाही त्यावर खूण करा, कारण तेव्हाची शंका नंतरच्या आठवणीपेक्षा जास्त भरवशाची असते. वेळ उरला की फक्त त्या खुणांकडे परत या. प्रश्न पुन्हा वाचताना सुटलेला 'नाही' दिसला, सूत्र आठवलं, आकडेमोडीतली चूक सापडली, तर बेधडक उत्तर बदला.