शत्रू मालमत्ता : ताब्यापासून मालकीपर्यंत

युद्ध सुरू झाले की शत्रुराष्ट्राच्या नागरिकांची, कंपन्यांची आणि बँकांची देशाच्या हद्दीत असलेली मालमत्ता सरकार ताब्यात घेते. तिलाच शत्रू मालमत्ता म्हणतात. जमीन, घरे, गोदामे, बँकेतील ठेवी, शेअर, सोने असे सगळे तिच्यात येते. या जप्तीमागे दोन हेतू असतात. शत्रूला युद्धकाळात त्या संपत्तीचा उपयोग होऊ नये, हा पहिला. तह होईपर्यंत ती जपून राहावी आणि मग तिचा हिशेब मांडता यावा, हा दुसरा. या सांभाळासाठी सरकार कस्टोडियन, म्हणजे अभिरक्षक, नेमते. ताबा अभिरक्षकाचा आणि मालकी मूळ मालकाची, हे या व्यवस्थेचे मूळ तत्त्व आहे.

पारतंत्र्यातला देश स्वतंत्र झाला की या तत्त्वाची कसोटी लागते. जुन्या राजवटीने जप्त केलेली मालमत्ता, तिची दप्तरे आणि तिचे कायदे नव्या सरकारच्या हाती येतात. पण ज्या युद्धापायी जप्ती झाली, ते नव्या राष्ट्राने पुकारलेले नसते. ही मालमत्ता कोणासाठी आणि कुठवर सांभाळायची, हे नव्या सरकारला स्वतःच ठरवावे लागते. भारताने या प्रश्नाचे एक उत्तर १९५२ मध्ये दिले आणि त्याच्या अगदी उलट उत्तर २०१७ मध्ये.

ब्रिटिशांकडून आलेला वारसा

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारने भारत संरक्षण नियमांखाली शत्रू मालमत्तेच्या अभिरक्षकाचे कार्यालय मुंबईत उघडले. परदेशी व्यापाराचा मोठा भाग मुंबई बंदरातून चाले, त्यामुळे ही निवड स्वाभाविक होती. आधी जर्मन मालमत्ता आणि डिसेंबर १९४१ नंतर जपानी मालमत्ता ताब्यात आली. जपानी कंपन्या युद्धापूर्वी मुंबईच्या बाजारातून मोठ्या प्रमाणावर कापूस खरेदी करत असत. या व्यापाराला पैसा पुरवणाऱ्या योकोहामा स्पेसी बँकेची मुंबईतील शाखा १८९४ पासून चालू होती.

स्वातंत्र्यानंतर हे सारे भारत सरकारकडे आले. जर्मन मालमत्तेचा मार्ग आधीच ठरला होता. जानेवारी १९४६ च्या पॅरिस कराराने १८ राष्ट्रांनी आपापल्या हद्दीतील जर्मन मालमत्ता युद्धभरपाईच्या हिश्शात धरायचे ठरवले होते आणि त्यांत भारत होता. जपानबाबत मात्र स्वतंत्र भारताला स्वतःची भूमिका घेता आली. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत भारत सहभागी झाला नाही. त्याने ९ जून १९५२ रोजी टोकियोत जपानशी वेगळा तह केला. युद्धभरपाईचे सर्व दावे भारताने त्यात सोडून दिले. भारत सरकारच्या ताब्यातील जपानची आणि जपानी नागरिकांची मालमत्ता आहे त्या स्थितीत परत करण्याचे त्याने मान्य केले. एखादी वस्तू विकली गेली असेल, तर तिची रक्कम परत करायची होती. सांभाळणीचा खर्च तेवढा वजा होणार होता. अभिरक्षकाच्या कामाचा शेवट कसा असावा, याचे हे चोख उदाहरण ठरले.

फाळणीतली मालमत्ता वेगळी

शत्रू मालमत्ता आणि फाळणीत मागे राहिलेली मालमत्ता यांची नेहमी गल्लत होते. १९४७ मध्ये पाकिस्तानात गेलेल्यांची घरे व जमिनी इव्हॅक्यूई मालमत्ता म्हणून वेगळ्या अभिरक्षकाकडे गेल्या. त्यांचा कारभार १९५० च्या कायद्याने चालला आणि १९५४ च्या कायद्याने त्यांचा निर्वासितांच्या नुकसानभरपाईसाठी व पुनर्वसनासाठी वापर झाला. तिथून आलेल्यांना इथून गेलेल्यांची जागा मिळाली. मुंबईत मलबार हिलवरील जिना हाउसचा वाद याच वर्गातला आहे. पश्चिम बंगाल, आसाम आणि त्रिपुरा यांना १९५० चा कायदा लागू नव्हता. तिकडे एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत करारानुसार परत येणाऱ्यांचे हक्क राखण्याचे धोरण होते. इव्हॅक्यूई मालमत्तेचे कायदे २००५ मध्ये रद्द झाले. तोपर्यंत त्यांचे काम बहुतांशी उरकले होते.

१९६२, १९६५ आणि १९६८ चा कायदा

स्वतंत्र भारताने स्वतः शत्रू मालमत्ता जप्त केली ती पुढच्या युद्धांत. १९६२ मध्ये चिनी नागरिकांच्या मालमत्ता ताब्यात आल्या. त्या संख्येने थोड्या आणि मुख्यतः ईशान्य भारत व बंगालमधल्या होत्या. खरा पसारा वाढला तो सप्टेंबर १९६५ मध्ये. त्या महिन्याच्या १० व ११ तारखेच्या आदेशांनी पाकिस्तानी नागरिकांची भारतातील स्थावर मालमत्ता आणि ठरावीक जंगम मालमत्ता अभिरक्षकाकडे निहित झाली. हे निहित होणे सप्टेंबर १९७७ पर्यंत चालू राहिले.

१० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद जाहीरनाम्यात दोन्ही देशांनी एकमेकांची घेतलेली मालमत्ता परत करण्यावर चर्चा करण्याचे मान्य केले होते. ती चर्चा फळाला आली नाही. पाकिस्तानने आपल्याकडील अशी मालमत्ता १९७१ मध्ये विकून टाकल्याचे भारत सरकारने संसदेपुढे सांगितले आहे. तिथे मालमत्ता गमावलेल्या भारतीयांना सरकारने पडताळलेल्या दाव्याच्या २५ टक्के रक्कम सानुग्रह दिली. भारतात मात्र युद्धकाळातली आणीबाणी उठल्यावर तेव्हाचे नियम संपत आले, म्हणून ताबा टिकवण्यासाठी १९६८ चा शत्रू मालमत्ता कायदा झाला. तात्पुरत्या नियमांची जागा कायमच्या कायद्याने घेतली, पण मुदत कोणतीच घातली गेली नाही. ज्या तहाने ही मालमत्ता मोकळी व्हायची, तो तह झालाच नाही.

अभिरक्षकाचे रोजचे काम

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील या कार्यालयाचे मुख्यालय दीर्घकाळ मुंबईत, बॅलार्ड इस्टेटमधील कैसर-ए-हिंद इमारतीत होते. एखाद्या मिळकतीचा माग काढायचा तर सुरुवात नागरिकत्वापासून होते. मूळ मालक पाकिस्तानात कधी गेला आणि तिथला नागरिक कधी झाला, हे पासपोर्ट, व्हिसा आणि पोलिसांच्या नोंदींवरून तपासले जाते. मग महसुली दप्तरातला त्याचा हिस्सा निश्चित होतो. चार भावांच्या वाड्यात एकच भाऊ कराचीला गेला असेल, तर त्याचाच हिस्सा निहित होतो आणि बाकीचे तिघे सरकारी अभिरक्षकाचे सहहिस्सेदार बनतात. अशा वाड्याची वाटणी, विक्री किंवा मोठी डागडुजी करायची तर अभिरक्षकाला सोबत घेतल्याशिवाय गाडे पुढे सरकत नाही. भाडेकरूंनी भाडे अभिरक्षकाकडे भरायचे असते. जिल्ह्यात त्याच्या वतीने जिल्हाधिकारी कार्यालय काम पाहते.

गृह मंत्रालयाच्या २०२३ मधील आकडेवारीनुसार देशात १२,६११ शत्रू मालमत्ता होत्या. त्यांतल्या १२,४८५ पाकिस्तानी आणि १२६ चिनी नागरिकांच्या होत्या. उत्तर प्रदेशात ६,२५५ आणि पश्चिम बंगालमध्ये ४,०८८ मालमत्ता होत्या. गोव्यात २९५ आणि महाराष्ट्रात २०८ होत्या. आकाराने लहान असूनही गोवा महाराष्ट्राच्या पुढे दिसतो. पोटापाण्यासाठी कराचीला गेलेले अनेक गोवेकर तिथेच स्थायिक झाले आणि पुढे पाकिस्तानी नागरिक बनले. त्यांची घरे आणि भाटे मात्र गावीच राहिली होती.

१९६५ च्या युद्धाची दुसरी बाजू : बांगलादेश

पाकिस्ताननेही सप्टेंबर १९६५ मध्ये भारतीयांची मालमत्ता शत्रू मालमत्ता ठरवली. पूर्व पाकिस्तानात त्याचा फटका भारतात गेलेल्या हिंदूंना आणि मागे राहिलेल्या त्यांच्या नातलगांना बसला. कुटुंबातला एखादा सदस्य सीमेपलीकडे असला, तरी घरच्यांची जमीन यादीत जाई. १९७१ मध्ये बांगलादेश स्वतंत्र झाला आणि ज्या भारताला शत्रू धरून या जप्त्या झाल्या होत्या, तोच आता मित्र होता. तरीही १९७२ च्या अध्यक्षीय आदेशाने ही मालमत्ता मूळ मालकांकडे न जाता नव्या सरकारकडे निहित झाली. १९७४ मध्ये शत्रू मालमत्तेचा जुना अध्यादेश रद्द झाला, ‘अर्पित संपत्ती’ हे नवे नाव आले आणि ताबा सरकारकडेच राहिला.

अर्थतज्ज्ञ अबुल बरकत यांच्या अभ्यासानुसार या कायद्याने सुमारे १२ लाख हिंदू कुटुंबांची मिळून जवळपास २६ लाख एकर जमीन गेली. स्थानिक महसूल कर्मचारी आणि गावातले वजनदार लोक यांच्या संगनमताने याद्या फुगत गेल्या, असे हे अभ्यास दाखवतात. मालमत्ता परत करण्याचा कायदा २००१ मध्ये झाला. २०११ नंतरच्या दुरुस्त्यांनी याद्या प्रसिद्ध झाल्या, न्यायाधिकरणे बसली आणि वादग्रस्त ‘ख’ यादी २०१३ मध्ये वगळण्यात आली. परताव्याचा हक्क कागदावर आला खरा, पण तोवर त्या जमिनी दुसऱ्यांच्या वहिवाटीत जाऊन दशके लोटली होती.

महमूदाबादचा खटला

भारतात हा प्रश्न ऐरणीवर आणला तो उत्तर प्रदेशातील महमूदाबाद संस्थानाच्या वारसाने. तिथले राजे मोहम्मद अमीर अहमद खान यांनी १९५७ मध्ये पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले. त्यांची पत्नी आणि मुलगा मात्र भारतीय नागरिक म्हणून इथेच राहिले. १९६५ मध्ये लखनौचा बटलर पॅलेस, हजरतगंजमधील इमारती, सीतापूर जिल्ह्यातील महमूदाबादचा किल्ला आणि नैनितालचे मेट्रोपोल हॉटेल अशी मोठी मालमत्ता अभिरक्षकाकडे गेली. १९७३ मध्ये राजे लंडनमध्ये वारले. मुलाने वारस म्हणून दावा लावला. १९८१ मध्ये सरकारने २५ टक्के मालमत्ता परत करण्याची तयारी दाखवली, पण प्रत्यक्षात काही झाले नाही.

अखेर मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये मुलाच्या बाजूने निकाल दिला आणि २१ ऑक्टोबर २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. न्यायालयाचे म्हणणे सरळ होते. भारतीय नागरिक शत्रू असू शकत नाही. अभिरक्षक हा विश्वस्त आहे. मूळ मालकाच्या मृत्यूनंतर मालमत्ता भारतीय वारसाकडे गेली की ती शत्रू मालमत्ता राहत नाही.

२०१७ ची दुरुस्ती

या निकालानंतर देशभर असे दावे येऊ लागले. २०१० मध्ये एक अध्यादेश निघाला आणि मुदत संपून गेला. २०१६ मध्ये लागोपाठ पाच अध्यादेश निघाले आणि मार्च २०१७ मध्ये संसदेने दुरुस्ती मंजूर केली. शत्रूच्या व्याख्येत आता त्याचे कायदेशीर वारसही आले, मग ते भारतीय नागरिक असोत वा नसोत. वारसाहक्काचे कायदे या मालमत्तेला लागू होईनासे झाले. पूर्वी झालेली हस्तांतरणे निरर्थक ठरली. दिवाणी न्यायालयांचे दार बंद झाले. अपील राहिले ते फक्त उच्च न्यायालयात. यातल्या महत्त्वाच्या तरतुदी १९६८ पासूनच लागू होत्या असे मानले गेले, त्यामुळे महमूदाबादचा निकालही निष्प्रभ झाला. केंद्राच्या मंजुरीने मालमत्ता विकण्याची वाट मोकळी झाली.

पहिली विक्री शेअरची झाली. २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने ९९६ कंपन्यांमधील साडेसहा कोटींहून अधिक शत्रू शेअर विकण्यास मंजुरी दिली. २०१९ मध्ये विप्रोच्या सुमारे ४.४ कोटी शेअरमधून जवळपास १,१५० कोटी रुपये आले. स्थावर मालमत्तेसाठी २०२३ मध्ये नियम ठरले. त्या वेळच्या नियमांनुसार १ कोटी रुपयांच्या आतली मिळकत आधी तिथल्या वहिवाटदाराला देऊ करायची आणि त्यावरच्या मिळकती ई-लिलावात काढायच्या, असे ठरले होते. भाडेकरू आणि बेकायदा कब्जेदार यांची छाननी, मोजणी आणि मूल्यांकन हे आजचे काम आहे.

तरीही मूळ तत्त्व पुसले गेलेले नाही. लखनौ महानगरपालिकेच्या मालमत्ता कराच्या प्रकरणात २२ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शत्रू मालमत्ता अभिरक्षकाकडे निहित झाली म्हणून केंद्र सरकारच्या मालकीची होत नाही. अभिरक्षक विश्वस्तच आहे, म्हणून स्थानिक कर भरावाच लागेल. म्हणजे त्याच कायद्याखाली ही मालमत्ता विकता येते, तिचे पैसे सरकारी तिजोरीत जातात, वारसाला ती मागता येत नाही आणि तरी ती केंद्राची नसते.

हा गुंता सांभाळण्यामुळे झालेला नाही, सांभाळणीचा शेवट न ठरवल्यामुळे झाला आहे. जपानच्या बाबतीत परतीची अट, खर्चाची वजावट आणि विकलेल्या वस्तूंचा हिशेब तहातच लिहिला गेला आणि विषय संपला. १९६५ च्या जप्तीला तसा तह मिळाला नाही, म्हणून निकाल कायद्याने लावला गेला आणि त्याची झळ इथल्याच नागरिकांना बसली. देशात राहून कर भरणाऱ्या, मतदान करणाऱ्या वारसाला त्याच्या वडिलांच्या नागरिकत्वावरून शत्रूच्या रांगेत बसवणे न्यायाचे नाही. जप्तीचा अधिकार युद्धातून येतो. तो युद्धाइतकाच तात्पुरता ठेवायचा, तर परतीची किंवा भरपाईची मुदत जप्तीच्या कायद्यातच लिहिलेली असली पाहिजे.